माळ्यावर बंदूक सापडली, आता काय? आपणहून कळवण्याची रीत, कोल्हापूर जिल्ह्यापुरती

जुनं घर पाडायला काढलं की माळ्यावरून काय काय खाली येतं. तांब्याचे हंडे, कोर्टाची दफ्तरं, मोडका पाळणा, आणि एखाद्या घरात पोत्यात गुंडाळलेली बंदूक. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड या पट्ट्यात याचं कुणाला फार नवल वाटत नाही. गवे आणि रानडुकरं पिकात शिरायची म्हणून पीक संरक्षणासाठी बंदुकीचे परवाने दिले जायचे. शहरातल्या वाड्यांमधली शिकारीची हौस संस्थानी काळापासूनची. आजोबा गेले, परवान्याचं पुस्तक पत्र्याच्या पेटीत राहिलं आणि बंदूक माळ्यावर. नातवाला दोन्ही एकाच दिवशी सापडतात आणि घरात कुजबुज सुरू होते: "कुणाला सांगायचं नाही हं. उगाच लफडं नको."

लफडं होतं ते नेमकं या न सांगण्यामुळे. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं की परवान्याची मुदत संपून, परवाना रद्द होऊन किंवा इतर कोणत्याही कारणाने शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिला नसेल, तर ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नसतो. तो माणूस गेला की घरातल्या कुणालाही ती बंदूक 'आमची' म्हणून ठेवून घेता येत नाही, मग तो सख्खा मुलगा का असेना. विनापरवाना ताब्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद व दंड अशी शिक्षा आहे. दुसरी बाजूही बघा. न्यायालयं 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा असं मानत आली आहेत. बंदूक माळ्यावर आहे हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं तोवर गोष्ट वेगळी. ठाऊक झाल्यानंतर गप्प बसलात तर त्यातला प्रत्येक दिवस तुमच्या विरुद्ध मोजला जाऊ शकतो.

म्हणून आधी कागद हलवायचा आणि बंदूक मागाहून. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमावर उभ्या आहेत.

पहिलं काम: हात लावू नका

बंदूक बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) दुनळी असो नाहीतर ठासणीची, ती भरलेलीच आहे असं धरून चाला. ठासणीच्या बंदुकीबाबत तर हे दुप्पट खरं. तिच्यात काडतूस नसतं. दारू, चिंध्या आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासलेले असतात, आणि बाहेरून बघून आत बार आहे की नाही हे कळत नाही. मागच्या बाजूला घोड्याखाली एक बारीक नळकांडं दिसतं. त्यावर तांब्याची इवलीशी टोपी अजून बसलेली असेल, तर ती बंदूक वर ठेवणाऱ्याने भरूनच ठेवली होती असं समजा. दारू कोरडी राहिली असेल तर वर्षं उलटली म्हणून ती मेलेली नसते. घोडा ओढून बघणे, नळीत डोकावणे, खोबरेल लावून गंज काढणे, 'चालते का बघू' म्हणणे, हे सगळं बंद. पोरांना त्या खोलीत सोडू नका. खोलीला कुलूप लावा आणि किल्ली एकाच जाणत्या माणसाकडे ठेवा.

फोटो काढायचाच तर आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत दोन-तीन काढा, तेही अर्जासाठी. ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. स्टेटसला तर मुळीच नको. हत्यारासोबतच्या फोटोवरून आणि रीलवरून पोलीस पोरांना उचलतात हे वर्तमानपत्रात नेहमी वाचतो आपण. आपण होऊन कळवणारा माणूस आदल्या रात्री खांद्यावर बंदूक टाकून झळकला असेल, तर अर्जातलं एकही वाक्य कुणाला पटणार नाही.

दुसरं: कागद शोधा

परवान्याचं जुनं पुस्तक मिळालं तर निम्मं काम झालं. ते नीट उघडून बघा. पहिल्या पानांवर फोटो, नाव, पत्ता, परवाना क्रमांक, हत्याराचा प्रकार, बोअर, बनावट आणि हत्यारावर कोरलेला क्रमांक. मधल्या पानांवर नूतनीकरणाचे शिक्के. शेवटचा शिक्का कोणत्या सालचा आहे ते टिपून घ्या, कारण ठाण्यात पहिला प्रश्न हाच येतो. मागच्या पानांवर काडतुसांची खरेदी असते: तारीख, नग, विक्रेत्याची सही. घरात काडतुसांचा डबा सापडला असेल तर तीही अर्जात लिहावी लागतात. काडतूससुद्धा विनापरवाना ठेवता येत नाही. बंदूक जमा केली आणि डबा कपाटात राहिला, असं होता कामा नये.

पुस्तकात यूआयएन, म्हणजे परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का बघा. परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद सुरू झाल्यावर प्रत्येक परवान्याला असा क्रमांक घ्यावा लागला. आजोबा त्याआधीच गेले असतील किंवा नूतनीकरण करायचं राहून गेलं असेल, तर क्रमांक नसेल. घाबरायचं कारण नाही, फक्त अर्जात तसं लिहा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळकडच्या आणि पंचगंगेकाठच्या किती घरांत कागद भिजले हे वेगळं सांगायला नको. पुस्तकाचा लगदा झाला असेल किंवा ते सापडतच नसेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत परवान्याच्या नोंदी असतात. आजोबांचं पूर्ण नाव, गाव आणि अंदाजे साल देऊन तिथे लेखी चौकशी करता येते. पोलीस ठाण्यातही हद्दीतल्या परवानाधारकांची यादी ठेवलेली असते, कारण प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर कुणाची शस्त्रं जमा करून घ्यायची हे त्यावरूनच ठरतं. निवडणुकीच्या वेळची जमा-पावती घरात मिळाली तर ती जपून ठेवा. तिच्यावर शस्त्राचा क्रमांक असतो.

कुणाकडे करवीर दरबारच्या शिक्क्याचा कागद निघतो आणि घरचे म्हणतात, "हे बघा, महाराजांनी दिलेला परवाना." कागद मोलाचा आहे, लॅमिनेशन न करता जपा. पण कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि आजचा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. त्या शिक्क्यावर आज शस्त्र ठेवता येत नाही. शस्त्र घरात कसं आलं याचा पुरावा म्हणून मात्र तो अर्जाला जोडण्यासारखा आहे.

तिसरं: अर्ज

पोलीस ठाणं म्हणजे बंदूक ज्या घरात आहे त्याच्या हद्दीचं, तुम्ही राहता त्याचं नव्हे. तुम्ही राजारामपुरीत राहत असाल आणि घर राधानगरी तालुक्यात असेल, तर अर्ज तिकडे. गावात पोलीस पाटलांना आधी भेटा. त्यांनी घर आणि माणूस ओळखला की पुढचं सोपं जातं. मात्र त्यांना तोंडी सांगितलं म्हणजे कळवून झालं, असं नाही.

अर्जाचा मजकूर साधा ठेवा. असा:

"प्रति, मा. पोलीस निरीक्षक, (ठाण्याचं नाव).
विषय: मयत परवानाधारकाचे शस्त्र जमा करून घेणेबाबत.
महोदय, माझे आजोबा कै. (पूर्ण नाव), रा. (पत्ता), यांच्या नावे (परवाना क्रमांक) हा शस्त्र परवाना होता. त्यांचे दि. (तारीख) रोजी निधन झाले. दि. (तारीख) रोजी घराची आवराआवर करताना सदर शस्त्र (प्रकार, बोअर, माहीत असल्यास क्रमांक) व (संख्या) काडतुसे माळ्यावर आढळून आली. ती आढळल्या जागी कुलूपबंद ठेवली असून कोणीही हाताळलेली नाहीत. माझ्याकडे शस्त्र परवाना नसल्याने मी ती स्वतः घेऊन येऊ शकत नाही. तरी आपण कर्मचारी पाठवून, पंचनामा करून, सदर शस्त्र व काडतुसे कलम २१ अन्वये जमा करून घ्यावीत व मला पावती द्यावी, ही विनंती. वारसांचे हक्क राखून हा अर्ज करीत आहे."

खाली सही, पत्ता, मोबाईल. सोबत मृत्यूचा दाखला, तुमचं आधार कार्ड, परवान्याच्या पानांच्या झेरॉक्स आणि नातं दाखवणारा एखादा कागद. मृत्यूचा दाखला आधीच निघालेला नसेल तर तो मिळेपर्यंत थांबू नका. 'दाखला मागाहून सादर करतो' असं लिहून अर्ज द्या.

या मजकुरातली दोन वाक्यं गाळू नका. पहिलं, सापडल्याची तारीख. ती खरीच लिहा, कारण सगळा हिशोब तिथून सुरू होतो. दुसरं, 'वारसांचे हक्क राखून'. शस्त्र जमा केलं म्हणजे सरकारला देऊन टाकलं असं होत नाही. कायद्याने पात्र ठरलात तर ते परत घेण्याचा, किंवा पात्र माणसाला विकून पैसे घेण्याचा हक्क राहतो. पण त्यालाही नियमांनी मुदत आहे. त्या मुदतीत काहीच केलं नाही, तर जिल्हा दंडाधिकारी नोटीस काढून शस्त्र सरकारजमा करू शकतात.

प्रती तीन करा. एक ठाण्यात, दुसरी तुमची आणि तिसरी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेला. तिसरी प्रत अनेक जण टाळतात, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. विनापरवाना शस्त्राचा खटला भरायचा तर कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते, आणि आपल्या जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टरच. उद्या काही गैरसमज झाला आणि मंजुरीची फाईल त्या टेबलावर गेली, तर तुमचं पत्र तिथे आधीपासून पडलेलं असतं.

चौथं: ठाण्यात

आधी फोन करणार असाल तर शब्द जपून वापरा. "साहेब, घरात बंदूक घावली हाय" असं ऐकल्यावर पलीकडचा हवालदार सावध होणारच. "मयत परवानाधारकाचं शस्त्र जमा करायचं आहे, अर्ज घेऊन येऊ का?" असं विचारलं की रोजच्या कामातलं काम वाटतं. सकाळी जा. बंदोबस्ताचे दिवस टाळा. जोतिबाची चैत्र यात्रा, गणपती विसर्जन किंवा दसऱ्याच्या आसपास ठाण्यात तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. पण हा सल्ला दोन-चार दिवसांपुरता. सण संपेपर्यंत महिनाभर थांबणं म्हणजे उशीरच.

बंदूक गाडीत टाकून नेऊ नका. परवानाधारकाच्या लेखी अधिकाराने दुसऱ्याला दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी शस्त्र नेता येतं, अशी सवलत कायद्यात आहे. परवानाधारकच हयात नसेल तर ती संपली. वाटेत नाकाबंदीला अडवलं तर "ठाण्यातच चाललो होतो" हे प्रत्येक जण म्हणतो. ठाण्यातून "तुम्हीच घेऊन या" असं सांगितलं, तर "सोबत एक कर्मचारी द्या" किंवा "तसं अर्जावर लिहून द्या" असं नम्रपणे म्हणा. बहुतेक वेळा तेवढ्यावर कर्मचारी मिळतो.

अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. 'ठेवून जा, बघतो' यावर परत येऊ नका. स्टेशन डायरीला नोंद झाली का ते विचारा आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. कुणी अर्जच घेईना, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने ठाण्याला आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाला पाठवून पावती जपून ठेवा.

कर्मचारी घरी आल्यावर पंचनामा होईल. पंच शेजारचे असले तर बरं. पावतीत शस्त्राचा प्रकार, बोअर, बनावट, कोरलेला क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची स्थिती एवढं सगळं आलं पाहिजे. 'एक जुनी बंदूक' एवढ्यावर सही करू नका. दुनळीचा क्रमांक बहुधा नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असतो, आणि नळ्या सुट्या केल्याशिवाय तो दिसत नाही. तो पोलिसांनाच बघू द्या, पण पावतीवर चढवायला लावा. दस्त्याला तडा, एक घोडा तुटलेला, नळीला गंज, हेही लिहून घ्या. पुढे परत घ्यायची किंवा विकायची वेळ आली, की हीच स्थिती मोजली जाते.

पाचवं: ठेवायची की सोडायची

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे मयत परवानाधारकाच्या वारसाला परवाना मिळू शकतो. अर्ज नमुना ए-१ मध्ये, तोही ऑनलाईन, एनडाल-अलिस या शस्त्र परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर. वय २१ पूर्ण हवं. वैद्यकीय दाखला लागतो आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही. पोलीस चौकशी होते. इतर वारसांची ना-हरकत लागते, आणि बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. तिघे भाऊ सह्या करतात आणि लग्न होऊन निपाणीला किंवा इचलकरंजीला गेलेल्या बहिणीला विचारायचंच राहून जातं. ती वारस आहे. तिची सही आधी घ्या. सातबाऱ्यावरून आधीच धुसफूस असेल तर तिला फोन करायला भावांपैकी सगळ्यात धाकट्याला सांगा.

एका माणसाला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. २०१९ पूर्वी ही मर्यादा ३ होती. वारसाहक्काने आली म्हणून तिसरी ठेवता येत नाही. परवाना आता ५ वर्षांसाठी असतो.

माझं मत विचाराल तर घरात कुणी नेमबाज नसेल आणि पिकाचं किंवा जिवाचं खरं कारण नसेल, तर सोडून द्या. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्यात नेमबाजीची हौस असणं साहजिक आहे. पण आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीने ती भागत नाही, त्यासाठी रेंजवर जावं लागतं. रानात गवा दिसला म्हणून बंदूक काढायचे दिवसही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ने संपवले. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

सोडायची तर वाटा तीन. परवानाधारक विक्रेत्याला विकणं सगळ्यात सुटसुटीत. दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं, मगच हस्तांतर. तिसरी वाट, सरकारजमा करण्याचा अर्ज. बंदूक ठाण्यात जमा असली तरी पहिल्या दोन वाटा खुल्या राहतात.

कागदच नसेल तर

बंदुकीला परवाना कधी होता याचा मागमूस नाही, किंवा गावठी कट्टा निघाला, तर हा अर्ज जसाच्या तसा देऊ नका. कलम २१ आहे ते ताबा एकेकाळी कायदेशीर असलेल्या शस्त्रांसाठी. मुळातच बेकायदा हत्यार आपणहून जमा केलं तर गुन्हा नाही, अशी कायमची माफी योजना आपल्याकडे नाही. इथे फौजदारी काम करणारा वकील सोबत घ्या आणि त्याच दिवशी, त्याच्यामार्फत लेखी कळवा. उशीर नको हा नियम इथे जास्तच कडक पाळायचा. आणि विहिरीत टाकणं, शेतात पुरणं, रंकाळ्याच्या कडेला सोडून येणं, यातलं काहीही करू नका. मूळ ताब्याचा प्रश्न राहतोच, वर पुरावा नष्ट केल्याचा नवा जोडला जातो. ते हत्यार दुसऱ्याच्या हाती लागून काही घडलं, तर ते आणखी वेगळं.

शोभेची, पुराणी बंदूक आहे म्हणून कळवायची गरज नाही, असंही परस्पर ठरवू नका. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्रांना कायद्यात सूट आहे, आणि २०२० मध्ये पुराण्या छोट्या शस्त्रांच्या ताब्याबाबत नियमही सैल झाले. पण तुमची बंदूक त्यात बसते का, हे दिवाणखान्यातल्या काकांनी ठरवायचं नसतं. तसाच गैरसमज कर्नाटकातल्या कोडगू (कूर्ग) जिल्ह्यावरून होतो. तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा (तिथली जुनी वंशपरंपरागत) जमीनधारकांना केंद्राने परवान्यातून सूट दिली आहे, ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. चंदगडपासून कर्नाटक हाकेच्या अंतरावर असलं, तरी ती सूट घाटमाथ्यावरच्या मराठी गावांना लागू नाही.

तलवारींचं प्रकरण वेगळं. मर्दानी खेळाच्या आखाड्यांच्या या गावात भिंतीवर तलवार असणं कुणाला खटकत नाही, पण कलम ४ व २५ खाली इथे गुन्हे दाखल होतात. धारेची तलवार माळ्यावर मिळाली तर त्याच अर्जात स्वतंत्र ओळ घालून तिचाही उल्लेख करा. छर्ऱ्याची एअरगन मात्र ०.१७७ बोअरपर्यंत आणि २० ज्यूलच्या आत असेल, तर परवान्याशिवाय चालते.

परवानाधारक हयात असतील तर

हे सगळं टाळण्याची सोय नियमांत आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल त्यानंतर ते हयातीतच वारसाचं नाव सुचवून परवाना त्याच्याकडे देण्याची विनंती करू शकतात. आजोबा स्वतः गृह शाखेत येऊन सही करू शकतात तोवर हे करून घ्या. सोबत त्यांचं मूळ पुस्तक, ज्याच्या नावे करायचं त्याचा ए-१ अर्ज, दोघांचे फोटो आणि वर सांगितलेले दाखले. नवा परवाना हातात येईपर्यंत बंदूक आजोबांच्याच परवान्यावर असते. म्हणून मधल्या काळात त्यांच्या परवान्याची मुदत संपत असेल, तर नूतनीकरणाचा अर्ज आधी करून घ्या.